सामायिक उपकरण केंद्रात सॅम्पल देताय? आधी थोडं बोलूया

काचपात्र

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात तांत्रिक अधिकारी आहे. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणारं यंत्र) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) माझ्याकडे असतात, एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राच्या) खोलीतही अधूनमधून बसते. जानेवारी लागला की आमच्याकडे रांग वाढते. कुणाला प्रबंध जमा करायचा असतो, कुणाचा प्रकल्पनिधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. या धांदलीत मशिनला न लावताच परत करावी लागणारी सॅम्पल्सही बरीच असतात. लांबून एसटीने आलेल्या मुलीला "हे होणार नाही" सांगणं मला आवडत नाही, आणि त्यातलं बहुतेक टाळता येतं. म्हणून हा धागा.

नव्यांसाठी आधी एवढंच: ही केंद्रं फक्त मोठ्या संस्थांच्या लोकांसाठी नसतात. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात अशी प्रादेशिक केंद्रं उभारायला सुरुवात केली. तेव्हा त्यांना आरएसआयसी म्हणत, आता सैफ म्हणतात. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत आहे, नागपूर विद्यापीठात आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे. ३ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात आणि स्लॉटही मागता येतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या एमएस्सीच्या मुलाचाही तिथे तेवढाच हक्क आहे. तो हक्क वापरा.

आता मुद्दा. फॉर्मवर "कोणती माहिती हवी आहे" अशा अर्थाचा एक रकाना असतो. पुष्कळ जण तिथे "एक्सआरडी" एवढंच लिहितात. ते मला फॉर्मच्या मथळ्यावरूनच कळतं. मला हवा असतो तुमचा प्रश्न. फेज (पदार्थाचं स्फटिकरूप) ओळखायची आहे, क्रिस्टलाइट साइज (स्फटिककणांचा आकार) काढायची आहे की रिटवेल्ड (पूर्ण आलेख जुळवून स्फटिकरचना काढणं) करायचं आहे? फेज ओळखायला १० ते ८० अंश टू-थीटाचा (क्ष-किरण वळण्याच्या कोनाचा) साधा स्कॅन पुरतो. रिटवेल्डला बारीक स्टेप आणि प्रत्येक स्टेपला भरपूर वेळ द्यावा लागतो, एकेका सॅम्पलला काही तास जातात. शेररच्या सूत्राने साइज काढायची असेल तर मशिनमुळे येणारी पीकची (आलेखातल्या उंचवट्याची) रुंदी वजा करावी लागते, म्हणजे त्याच सेटिंगवर सिलिकॉन किंवा लॅन्थॅनम हेक्साबोराइडचा स्टँडर्डही मोजलेला हवा. हे आधी सांगितलंत तर त्याच दिवशी होतं. तीन महिन्यांनी परीक्षकाने विचारल्यावर मागितलंत, तर तोवर कदाचित मशिनचं अलाइनमेंटही बदललेलं असतं.

सॅम्पलमध्ये काय आहे तेही लिहा. "नॅनोपार्टिकल्स" हे उत्तर नव्हे. आमच्या मशिनमध्ये तांब्याची ट्यूब आहे. त्या किरणांनी लोखंड आणि कोबाल्ट स्वतःच क्ष-किरण सोडू लागतात, बॅकग्राउंड वर चढतं आणि लहान पीक त्यात बुडून जातात. फेराइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) आहे हे आधी कळलं तर डिटेक्टरची सेटिंग बदलता येते, स्कॅन सावकाश घेता येतो.

पावडर अगेटच्या खलात घोटा, बोटांत चोळल्यावर मैद्यासारखी लागायला हवी. कण जाड राहिले तर पीकच्या उंचीवर विश्वास ठेवता येत नाही. अर्धा ते एक ग्रॅम आणा. तेवढं नसेल तर तसं लिहा, थोड्या पावडरीसाठी वेगळा होल्डर असतो, पण तो कोणत्या दिवशी लावायचा हे मला आधी ठरवावं लागतं.

आणि लेबल. एकाच ट्रेमध्ये वेगवेगळ्या कॉलेजांचे कितीतरी "एस१" येऊन पडतात. आद्याक्षरं, तारीख आणि क्रमांक असं नाव द्या, तेच नाव फॉर्मवर आणि तेच प्रयोगवहीत. मार्करची शाई इथेनॉल किंवा ॲसिटोनचा हात लागला की पुसते. कागदी लेबलवर पेन्सिलीने लिहून वर पारदर्शक टेप लावा. झाकणावर लिहू नका, झाकणं अदलाबदल होतात.

बाकी तुम्ही विचारा. इतर यंत्रांवरच्या जाणकारांनीही लिहावं.

मुग्धा_एन

ताई, धागा अगदी वेळेवर आला. मी मराठवाड्यातून लिहितेय, पीएचडीचं दुसरं वर्ष. माझं काम शिफ बेसवर (सीएच=एन बंध असलेल्या सेंद्रिय रेणूंवर) आहे. एक लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) आणि त्याची झिंक आणि कॉपरची कॉम्प्लेक्सेस (धातू-लिगँड संयुगं) केली आहेत. तिन्हींचे एनएमआर, आयआर (इन्फ्रारेड) आणि टीजीए-डीएससी (तापवून वजन आणि उष्णतेतला बदल मोजणं) करायचे आहेत. एनएमआरला किती मिलिग्रॅम लागतं? सीनिअर म्हणतात, सीडीसीएल३ (ड्युटेरियमवालं क्लोरोफॉर्म) स्वस्त आहे, त्यातच दे. पण कॉम्प्लेक्स त्यात नीट विरघळत नाही, तळाशी थोडं राहतंच. चालेल का?

बेंझीनवलय

मुग्धा, नाही चालणार. एनएमआरवाल्यांच्या दृष्टीने तळाशी राहिलेली पावडर ही सगळ्यात त्रासदायक गोष्ट आहे. चुंबकीय क्षेत्र सॅम्पलभर एकसारखं असावं म्हणून शिमिंग करतात. नळीत तरंगणारे कण असले की ते जमत नाही, पीक रुंद आणि वेडेवाकडे येतात. द्रावण अगदी स्वच्छ हवं. पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा किंवा ग्लासवूलचा छोटा बोळा घालून त्यातून गाळून नळीत सोडा.

प्रोटॉन (हायड्रोजनच्या) एनएमआरसाठी तुमच्यासारख्या लहान रेणूला ५ ते १० मिलिग्रॅम पुरे. कार्बनसाठी ३० ते ५० ठेवा, कारण कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्के असतो, सॅम्पल कमी दिलंत तर स्कॅन रात्रभर चालवूनही हाती फारसं लागत नाही. सॉल्व्हंट सुमारे ०.६ मिली, म्हणजे ५ मिमीच्या नळीत साधारण साडेचार सेंटिमीटर उंची. कमी भरलंत तर शिमिंग बिघडतं, जास्त भरलंत तर महागडा सॉल्व्हंट वाया जातो.

सॉल्व्हंट डीएमएसओ-डी६ घ्या. शिफ बेसला तो तसाही सोयीचा, कारण फिनॉलचा ओएच त्यात चांगला दिसतो. लिगँडमध्ये तो १२-१३ पीपीएमच्या (एनएमआरच्या आलेखावरचं माप) आसपास येईल आणि झिंकला जोडल्यावर नाहीसा होईल. तुमच्या प्रबंधातला तो कळीचा पुरावा आहे. सीएच=एनचा प्रोटॉन साडेआठच्या आसपास शोधा, तो किती सरकला हे लिगँड आणि कॉम्प्लेक्स एकाच सॉल्व्हंटमध्ये असतील तरच सांगता येतं. म्हणून लिगँडही डीएमएसओतच द्या, तो क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत असला तरी.

डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, ते ३.३३ ला दिसतं. सॉल्व्हंटचा स्वतःचा पीक २.५० ला. इथाइल ॲसिटेटने कॉलम केला असेल तर सॅम्पल व्हॅक्युमखाली नीट वाळवा, नाहीतर १.२, २.० आणि ४.० च्या आसपास त्याचे पीक येतात आणि विद्यार्थी त्यांना आपल्याच रेणूचे समजून आकडे जुळवत बसतात. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. अशुद्ध सॅम्पलला ५०० मेगाहर्ट्झच्या मशिनवर लावलं तरी अशुद्धीच जास्त स्पष्ट दिसते.

आता खरी अडचण: कॉपर. कॉपर(II) डी९ आहे, पॅरामॅग्नेटिक, म्हणजे त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना एकटा असतो. त्याचा एनएमआर मागू नका. पीक इतके पसरतील की काही वाचता येणार नाही. त्या कॉम्प्लेक्ससाठी ईएसआर (एकट्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल मोजणारं तंत्र) मागा, तिथे तोच एकटा इलेक्ट्रॉन तुमच्या उपयोगाला येतो. झिंक डी१० आहे, सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, त्याला एनएमआर ठीक.

काचपात्र

बेंझीनवलय, मनापासून आभार. कॉपर, कोबाल्ट, मँगनीज यांची कॉम्प्लेक्सेस एनएमआरला येतात आणि फॉर्मवर फक्त "ऑरगॅनिक कंपाउंड" लिहिलेलं असतं. ऑपरेटर बिचारा लॉक आणि शिम करत बसतो. धातू कोणता हे लिहिलं असतं तर तो फोनच करून सांगेल की ईएसआरला द्या.

पाणवठा

मी भूजलावर काम करतो, विदर्भात. पाण्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत भूजलातल्या फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. गावागावातून नमुने आणून लोक थेट आयसीपीला (प्लाझ्मात तापवून धातू मोजणाऱ्या यंत्राला) देतात आणि सोबत लिहितात, "फ्लोराइड आणि जड धातू". आयसीपीवर फ्लोराइड मोजत नाहीत. त्याला आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड किंवा आयन क्रोमॅटोग्राफी. म्हणजे एकाच विहिरीच्या दोन बाटल्या भरायच्या. धातूंची बाटली ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने जागेवरच गाळायची आणि मग नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा. हा क्रम उलटा करायचा नाही. आधी ॲसिड घातलं तर गाळाला चिकटलेले धातू सुटून पाण्यात येतात आणि ते "विरघळलेले" म्हणून मोजले जातात. दुसरी बाटली ॲसिडशिवाय. फ्लोराइड, नायट्रेट, क्लोराइड त्यातून. ज्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घातलंय तीत नायट्रेट मोजून काय कळणार?

फ्लोराइडसाठी काचेची बाटली नको. धातूंसाठीही नको. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन घ्या, १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून डीआयच्या (आयन काढून टाकलेल्या) पाण्याने धुतलेली.

आणि ब्लँक. पाण्याच्या नमुन्यांसोबत एक ब्लँक बाटली हवीच हवी. डीआयचं पाणी शेतावर घेऊन जा, तिथे त्याच फिल्टरने गाळा, तेच ॲसिड घाला, तसंच लेबल लावून द्या. आर्सेनिकची आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मधली मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. एवढ्या कमी पातळीवर फिल्टर, ॲसिड, हातमोज्याची पावडर, सगळं मोजलं जातं. ब्लँक नसेल तर आलेला आकडा विहिरीचा आहे की तुमच्या ॲसिडचा, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या आकड्यावरून एखाद्या गावाचा हातपंप बंद होतो किंवा चालू राहतो. म्हणून मी यावर इतकं अडून बसतो.

जांभादगड

पाणवठा, खाऱ्या पाण्याचं काय करता? आम्हाला लोणारचं पाणी आयसीपी-एमएसला (वस्तुमानावरून मूलद्रव्य मोजणाऱ्या आयसीपीला) द्यायचं आहे.

पाणवठा

पातळ करूनच द्या. आयसीपी-एमएसला विरघळलेले क्षार साधारण ०.२ टक्क्याच्या आत लागतात. लोणारचं पाणी खारंही आणि अल्कलीही, पीएच १० च्या आसपास. ते तसंच घातलं तर कोनवर (यंत्राच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या शंकूवर) मीठ साचतं, सिग्नल घसरत जातो आणि तुमच्यामागून येणाऱ्यांचे नमुनेही बिघडतात. आधी टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मोजा, त्यावरून किती पट पातळ करायचं ते ठरवा, तो आकडा फॉर्मवर लिहा. अल्कली पाण्यात ॲसिड थेंबाथेंबाने घाला, कार्बोनेट भरपूर आहे, फसफसून बाहेर येतं.

क्लोराइड जास्त असेल तर आर्सेनिकसाठी ऑपरेटरला मुद्दाम सांगा. प्लाझ्मातला आरगॉन ४० आणि पाण्यातला क्लोरीन ३५ जोडले जातात, वस्तुमान ७५, आणि आर्सेनिकही नेमका ७५. नसलेलं आर्सेनिक दिसू शकतं. कोलिजन सेल लावून ते काढता येतं, पण कळलं तर ना. याच कारणासाठी आर्सेनिकचे नमुने हायड्रोक्लोरिकमध्ये करू नका.

दगड-मातीसाठी हायड्रोफ्लोरिक वापरत असाल तर ते बोरिक ॲसिडने बांधल्याशिवाय आणि स्पष्ट लिहिल्याशिवाय कुठेही देऊ नका. नेब्युलायझर आणि टॉर्च काचेचे आणि क्वार्ट्झचे असतात. आणि ते हाताळणाऱ्या माणसाचा हात तर त्याहून मोलाचा.

परागकण

वनस्पतीशास्त्राकडून थोडं. एसईएमला ताजं पान, ताजी मुळं, ओल्या बॅक्टेरियाची ट्यूब असं घेऊन येऊ नका. आत निर्वात असतं, पाणी असलेली पेशी तिथे चुरगळून जाते. आमची पद्धत अशी: २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.२ ते ७.४, ४ अंशांवर रात्रभर. मग बफरने धुणं, मग इथेनॉल ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के अशा पायऱ्या. शेवटी क्रिटिकल पॉइंट ड्रायर. तो नसेल तर एचएमडीएसने (पटकन उडून जाणारं एक रसायन) वाळवलेलंही बऱ्याच कामांना चालतं. १०० टक्के इथेनॉल बाटली नुकती उघडलेलं घ्या. उघडून ठेवलेल्या बाटलीत पाणी शिरलेलं असतं आणि शेवटच्या पायरीला तेच नडतं.

परागकणांना एवढं सगळं दर वेळी लागत नाही. भिंत कणखर असते, कोरडे कण थेट कार्बन टेपवर शिंपडून कोटिंग केलं तरी नक्षी छान दिसते. कोलॅप्स झालेले किती आणि चांगले किती हे पाहायचं असेल तर मात्र दोन्ही पद्धतींनी करून तुलना करा.

काचपात्र

एसईएमचं निघालंच आहे तर ईडीएसबद्दल (एसईएममध्ये क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणं) लिहिते, कारण यात मुलांचे पैसे फुकट जातात. सॅम्पल विद्युतवाहक नसेल तर आम्ही सोन्याचा पातळ थर देतो. सोन्याचा एम रेषेचा पीक २.१२ केईव्हीला (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं माप) येतो. फॉस्फरस २.०१ ला, झिर्कोनियम २.०४ ला, गंधक २.३१ ला. म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइटमधलं कॅल्शियम-फॉस्फरसचं गुणोत्तर काढायला आलेल्या मुलाच्या सॅम्पलवर सोनं चढवलं की त्याचा फॉस्फरस सोन्याच्या शेजारी दबून जातो. त्याला कार्बनचा थर हवा. हाडांचं सिमेंट, फॉस्फेट ग्लास, सल्फाइड, झिर्कोनिया, असं काही असेल तर फॉर्मवर ठळक लिहा: "ईडीएस हवं, फॉस्फरस बघायचा आहे." एवढ्या एका ओळीने माझा निर्णय बदलतो.

टीईएमचंही (कणांच्या आरपार पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) तसंच. ग्रिड, म्हणजे कण ठेवायची बारीक जाळी, बहुधा तांब्याचा असतो. कॉपर ऑक्साइडचे कण तांब्याच्या ग्रिडवर ठेवून तांब्याचं प्रमाण विचारू नका, निकेलचा किंवा सोन्याचा ग्रिड मागा. द्रावण फिकं करा. हाताने धरून उजेडात पाहिल्यावर जेमतेम रंग जाणवेल इतकं. गडद थेंब टाकला की सगळे कण एकमेकांवर बसतात आणि काळा ढीग दिसतो.

चुंबकीय पावडर असेल तर लपवू नका. सुटे कण लेन्सच्या पोलपीसला जाऊन चिकटले तर मशिन बंद पडतं आणि राज्यभरातल्या लोकांचे स्लॉट पुढे जातात.

तळटीप

सगळं मान्य. पण दुसऱ्या बाजूनेही कुणी बोलायला हवं. मी एका केंद्राला सॅम्पल्स कुरिअरने पाठवली. पैसे आधीच भरले होते. दोन महिने काही कळलं नाही, मग सॅम्पल्स परत आली, वर फक्त "योग्य नाही" असा शेरा. काय योग्य नाही? ओलं होतं, कमी होतं, की मशिन बंद होतं? दुसऱ्या एका ठिकाणाहून एक्सआरडीचा निकाल आला तो कागदावरचा प्रिंट. आलेख पुन्हा काढायचा तर कागदावरून आकडे कसे काढू? तुम्ही लोक आम्हाला फॉर्म नीट भरायला सांगता, पण तुमच्याकडूनही चार शब्द यायला नकोत का?

काचपात्र

यायलाच हवेत, तळटीप. तुमचं दुखणं खरं आहे आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. परत पाठवताना कारण लिहिणं हे आमचं काम आहे. आमच्याकडे आता परत जाणाऱ्या प्रत्येक सॅम्पलसोबत कारणाची चिठ्ठी लावायची असं ठरवून घेतलं आहे. मनुष्यबळ कमी असतं, एकेका मशिनला एकच माणूस असतो हे खरं, पण दोन ओळी लिहायला मनुष्यबळ लागत नाही.

मूळ डेटा मागणं हा तुमचा हक्क आहे. एनएमआरचा पूर्ण एफआयडी (कच्च्या सिग्नलचा) फोल्डर, एक्सआरडीची दोन स्तंभांची फाइल, एसईएमची टिफ फाइल स्केलबारसकट, मास स्पेक्ट्रमची रॉ फाइल. फॉर्म देतानाच लिहून ठेवा. नियतकालिकं हल्ली मूळ डेटा मागतात, आणि केंद्रांतले संगणक जुना डेटा कायम ठेवत नाहीत. पेनड्राइव्ह बऱ्याच ठिकाणी व्हायरसच्या भीतीने लावू देत नाहीत, ईमेलने मागा नाहीतर कोरी सीडी द्या.

आणि शोधनिबंध छापून आला की केंद्राचे आणि उपकरणाचे आभार त्यात नक्की माना, एक प्रत पाठवा. देखभालीचा आणि नव्या मशिनचा निधी मागताना आम्हाला तेच दाखवावं लागतं.

राइनकाठी

जर्मनीहून. इथल्या आमच्या केंद्रात पद्धत थोडी वेगळी आहे. प्रशिक्षण घेऊन बरीचशी यंत्रं आपणच चालवायची, तासावर पैसे. पण सॅम्पल बनवण्याआधी केंद्रातल्या वैज्ञानिकासोबत एकदा बसावंच लागतं, आणि मला वाटतं आपल्याकडेही विद्यार्थ्यांनी तो फोन सॅम्पल बनवण्याच्या आधी करावा, नंतर नव्हे. माझं काम थिन फिल्मवर (पातळ थरांवर). काचेवर थर चढवून झाल्यावर कुणाला तरी आठवतं की एफटीआयआरही (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) हवा. काच २००० सेमी व्यस्तांकाच्या खाली इन्फ्रारेड जाऊच देत नाही. आधी कळलं असतं तर एक तुकडा सिलिकॉनवरही चढवला असता. एक्सआरडीतही तेच, पातळ थराला ग्रेझिंग इन्सिडन्स (किरण जवळजवळ आडवे टाकणं) मागितलं नाही तर काचेचा पसरट उंचवटाच दिसत राहतो.

चिकलठाणा_लॅब

औषध कंपनीत ॲनालिस्ट आहे. एलसी-एमएसबद्दल (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर): फॉस्फेट बफर आणू नका. एचपीएलसी-यूव्हीवर चालणारी पद्धत जशीच्या तशी उचलून देतात, फॉस्फेट उडून जात नाही, सोर्समध्ये साचतं. अमोनियम फॉर्मेट, अमोनियम ॲसिटेट, फॉर्मिक ॲसिड, एवढ्यात बसवा. द्रावण ०.२ मायक्रॉनने गाळलेलं आणि पातळ. साधारण १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिली पुरतं, १ मिलिग्रॅम प्रति मिली घालून मशिन पुढच्या दोन दिवसांसाठी घाण होतं.

स्वस्त प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म किंवा ॲसिटोनाइट्राइल भरून पाठवू नका. वस्तुमान ३९१ ला एक ठसठशीत पीक येतो, तो प्लास्टिकमधल्या थॅलेटचा. आणि ४४ च्या अंतराने पीकची माळ दिसली तर ते पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), साबणातून किंवा डिटर्जंटमधून आलेलं. काचेची व्हायल, टेफ्लॉनची सेप्टा. पॅराफिल्म सॉल्व्हंटला लागू देऊ नका.

मुग्धा_एन

सगळ्यांचे खूप आभार, मी वहीत उतरवून घेतेय. कॉपर कॉम्प्लेक्सला ईएसआर मागते. टीजीए-डीएससीला किती द्यायचं? मी झिंक ॲसिटेट आणि कॉपर परक्लोरेट वापरून कॉम्प्लेक्सेस केली आहेत.

बेंझीनवलय

थांबा. कॉपर परक्लोरेट? म्हणजे कॉम्प्लेक्समध्ये परक्लोरेट प्रतिआयन म्हणून असणार. सेंद्रिय लिगँड आणि परक्लोरेट एकाच घन पदार्थात असले की तापवल्यावर स्फोट होऊ शकतो. ते टीजीए किंवा डीएससीला अजिबात देऊ नका. वाळवतानाही ओव्हनमध्ये गरम करू नका, खलात जोर लावून घोटू नका, धातूच्या चमच्याने खरवडू नका. थोड्या प्रमाणात ठेवा आणि आजच गाइडना सांगा.

काचपात्र

बेंझीनवलय म्हणतात ते शंभर टक्के खरं. परक्लोरेट, अझाइड, नायट्रो गट भरपूर असलेले पदार्थ, यांचं थर्मल ॲनालिसिस केंद्रं घेत नाहीत किंवा खास परवानगीनेच घेतात. फॉर्मवर सुरक्षेचं घोषणापत्र असतं ते यासाठीच. भट्टीसमोर माणूस बसलेला असतो. मुग्धा, कॉपर ॲसिटेटपासून त्याच लिगँडचं कॉम्प्लेक्स करून पाहा. झालं तर टीजीएला ते द्या, ५ ते १० मिलिग्रॅम पुरेल. वातावरण नायट्रोजन हवं की हवा, कमाल तापमान किती, मिनिटाला किती अंश, हे तिन्ही लिहा. ६०० अंशांच्या वर जायचं असेल तर ॲल्युमिनियमचं पॅन चालत नाही, ॲल्युमिनाचं मागा.

मुग्धा_एन

गाइडशी बोलले. परक्लोरेटचं कॉम्प्लेक्स वेगळं काढून ठेवलं आहे, ॲसिटेटपासून करायला घेतलंय. एनएमआरच्या फॉर्मवर हे लिहू का, बघाल?

"सॅम्पल एमएन-एल-०३ आणि एमएन-झेडएन-०२. शिफ बेस लिगँड आणि त्याचं झिंक कॉम्प्लेक्स. डीएमएसओ-डी६ मध्ये पूर्ण विरघळतात. प्रोटॉन एनएमआर हवा. लिगँडमधला फिनॉलिक ओएच कॉम्प्लेक्समध्ये नाहीसा होतो का आणि सीएच=एन किती सरकतो हे पाहायचं आहे."

काचपात्र

छान लिहिलंयस. तीन गोष्टी जोड. एक, स्पेक्ट्रल विड्थ १६ पीपीएमपर्यंत घ्या असं लिही. नेहमीच्या सेटिंगमध्ये खिडकी कधीकधी १२ च्या आसपासच संपते, मग तुझा ओएच बाहेर राहील आणि लिगँडमध्येही तो नाही असं वाटेल. दोन, दोन्ही सॅम्पल्स एकाच दिवशी एकापाठोपाठ घ्यावीत अशी विनंती कर. तीन, एफआयडी फोल्डर हवा असं लिही. सॅम्पल घन स्वरूपातच पाठव, प्रत्येकी १५ मिलिग्रॅम, द्रावण करून नको. सॉल्व्हंट केंद्रातून मिळतो का ते फोन करून विचार, मिळत असेल तर त्याचे पैसे आणि जीएसटी धरूनच डीडी किंवा ऑनलाइन रक्कम भर. गाइडची सही आणि विभागाचा शिक्का विसरू नकोस, त्याशिवाय आवक विभाग फॉर्म पुढे पाठवत नाही.

बेंझीनवलय

आणखी एक, ओएच नाहीसा झाला हे दाखवायचं असेल तर लिगँडच्याच नळीत नंतर डी२ओचा (जड पाण्याचा) एक थेंब टाकून पुन्हा स्कॅन मागा. १२-१३ चा पीक त्यानेही गेला तर तो ओएचचाच हे पक्कं होतं, मग कॉम्प्लेक्समधल्या अनुपस्थितीला वजन येतं. मात्र क्रम लिहा: आधी साधा स्कॅन, मग डी२ओ.

मुग्धा_एन

लिहिलं. सोमवारी पाठवते.